तिकीट कोणासाठी काढलं होतं?

पत्र

ताई, घरात दोन मुलं आहेत. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा अडीच. वर्षभरात खर्च वाढले आणि माझं काम अर्धवेळ झालं. पूर्वी सुटीच्या दिवशी मुलांना कुठे ना कुठे न्यायचो. तिकीट, तिथले खेळ, बाहेरचं खाणं, येताना एखादं खेळणं. एकदा महिन्याचा हिशेब मांडला आणि डोळे पांढरे झाले. तीन महिने सगळं बंद आहे. आता सुटीचा दिवस उजाडला की पोटात गोळा येतो. दोघं दहा मिनिटं खेळतात, मग मारामारी. ती काहीतरी रचते, हा पाडतो. शेवटी फोन हातात देते आणि दिवसभर स्वतःलाच बोल लावत बसते. शांत खेळलात तर चांदणी, दहा चांदण्या झाल्या की बक्षीस, असा तक्ताही भिंतीवर लावला. तो आठवडाभर चालला. ओळखीच्यांच्या मुलांचे सहलींचे फोटो पाहिले की वाटतं, माझ्या मुलांचं बालपण कोरडं चाललंय. नवरा म्हणतो, एवढं काय, मोठी झाल्यावर त्यांना यातलं काही आठवणार नाही. कमी पैशांत काय काय करता येईल, याची यादी द्याल का?

— दोन मुलांची आई

उत्तर

यादी मागितलीत आणि तीच देणार नाहीये, म्हणून आधीच माफी मागते. यादी तुमच्या फोनमध्ये असेलच, 'घरच्या घरी पन्नास खेळ' वगैरे. त्यातला एकही अजून झाला नसेल, कारण त्याला सात रंगांचे कागद, चमकी आणि तीन प्रकारचा गोंद लागतो. तयारीत पाऊण तास जातो आणि मुलं सहाव्या मिनिटाला उठून चालू लागतात. मग आपण चिडतो.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही तिला मुलांच्या खेळायच्या एका महागड्या ठिकाणी नेलं होतं. आत चेंडूंचा हौद, चार मजली घसरगुंडी, सगळा थाट. ती आधी शूला गेली आणि तिथेच अडकली. भिंतीवर हात वाळवायचं यंत्र होतं. खाली हात धरला की घुर्रर्र करून गरम वारा, काढला की बंद. धरला, काढला. मग कोपर धरून पाहिलं, मग डोकं. चाळीस मिनिटं! मी दर पाच मिनिटांनी 'अगं चल ना, घसरगुंडी बघ तरी' म्हणत होते, शेवटी ओढत नेलं, ती रडली, मी ओरडले. परतताना ती गाढ झोपली होती आणि रडवेली मी होते. तिकिटाचे पैसे वसूल झाले नव्हते ना! ते तिकीट मी माझ्यासाठी काढलं होतं हे कळायला मला पुढची दोन-तीन वर्षं लागली.

त्या यंत्रात काय होतं ते बघा. तिने काही केलं की ते उत्तर द्यायचं. परत केलं की परत द्यायचं. 'आता पुरे' म्हणायचं नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या बहुतेक आवडत्या खेळांत हेच असतं आणि त्यातल्या एकालाही चार मजली घसरगुंडी लागत नाही.

अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या खेळाच्या संग्रहालयात खेळण्यांचं एक मानाचं दालन आहे. नावाजलेल्या बाहुल्या, ठोकळे, गाड्या तिथे आहेतच, पण 2005 मध्ये तिथे पुठ्ठ्याचा रिकामा खोका दाखल झाला, 2008 मध्ये काठी, 2011 मध्ये पांघरूण आणि 2021 मध्ये वाळू. निवड करणाऱ्यांना विनोदबुद्धी आहे खरी, पण निवड विनोदाने केलेली नाही. त्याआधीची गोष्ट डेन्मार्कची. तिथे सोरेनसन नावाचे बागा आखणारे वास्तुकार होते. स्वतः आखलेल्या नीटनेटक्या मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या पसाऱ्यात जास्त रमतात, हे त्यांच्या लक्षात आलं. 1943 मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुपला त्यांच्या कल्पनेतलं 'भंगाराचं मैदान' उघडलं. त्यात फळ्या, विटा, माती आणि लक्ष ठेवायला एक मोठा माणूस, एवढंच.

तुमच्या घरात फळ्या-विटा नकोत, खोका चालेल. शेजारी किंवा ऑफिसात कोणाकडे मोठी वस्तू आली असेल तर मागून घ्या. मूल आत मावेल एवढा हवा. पत्र्याच्या पिना उपटून काढा आणि खोका खोलीच्या मधोमध ठेवून द्या. काही सुचवू नका. 'चला, गाडी करू या' तर मुळीच म्हणू नका. धाकटा आधी नुसता आत-बाहेर करेल. आत बसून झाकण ओढून घेईल, अंधार झाला की ओरडेल, झाकण उघडून तुमचं तोंड दिसलं की खिदळेल. हे वीस वेळा. मोठी त्याला थोडा वेळ ढकलेल आणि मग तुमच्याकडे येईल. 'आई, इथे खिडकी पाहिजे.' चौकोन तिलाच काढू द्या, कापायचं काम तेवढं तुमचं. चौकोन वाकडा येईल, तो वाकडाच कापा. सरळ करून दिलात की खिडकी तुमची झाली. खिडकीला मग पडदा हवा, दाराला घंटा हवी, घंटा वाजवायला कोणीतरी यायला हवं. ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. टकटक करा, 'आहे का कोणी घरात?' विचारा, आतून 'नाही' असं उत्तर आलं तर 'बरं' म्हणून परत जा. तिसऱ्या दिवशी खोका लुळा पडतो. तेव्हा तो उभा कापून जमिनीवर पसरा. रस्ते, नदी, पूल काढायला एवढा मोठा कागद कुठे विकतही मिळत नाही.

आता मारामारीचं. 1932 मध्ये मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंनी बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून त्याचे प्रकार मांडले. त्यात एक होता शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळणं. अडीच वर्षांचं मूल बहुतेक वेळ असंच खेळतं. एकत्र येऊन नियम ठरवणं, वाटण्या करणं हे सगळं वर्ष-दीड वर्षाने हळूहळू येतं. म्हणजे तुमच्या लेकीला हवा आहे भिडू आणि घरात आहे भूकंप. भूकंपाचं तिच्या मनोऱ्याशी वैर नाही. पाडलं की आवाज होतो, सगळं घरंगळतं, ताई किंचाळते, आई धावत येते. हात वाळवायच्या यंत्रापेक्षाही भारी!

म्हणून 'दोघांनी मिळून खेळा' हे वाक्य काही महिने बासनात बांधून ठेवा. तिला जे टिकवायचं आहे ते टेबलावर, त्याच्या हाताच्या वर. जमिनीवर जे रचलं जाईल ते पाडण्यासाठीच रचायचं. त्याला पाडणाऱ्याची नोकरी द्या आणि तिला त्याची साहेबीण करा. ती रचणार, ती दहापासून उलटे आकडे मोजणार, शून्यावर तो पाडणार. त्याला थांबणं जड जाईल, सातावरच हात मारेल, पण थांबायचा सराव याहून मजेत होणार नाही. लपंडावातही तिला तुमच्या कटात घ्या. तो दर वेळी त्याच पडद्यामागे लपेल आणि 'मी इथे आहे' असं ओरडेल. तरी तुम्ही दोघींनी सगळं घर शोधायचं, कपाटात बघायचं, चपलेखाली बघायचं. हे नाटक करताना साडेपाच वर्षांच्या मुलीला आपण मोठे झाल्याचा जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

पाणी ही दुसरी फुकट चीज. जुना रंगाचा ब्रश आणि तळाशी चार बोटं पाणी असलेला डबा घेऊन गच्चीत, अंगणात, बाल्कनीत, जिथे ऊन येतं तिथे जा आणि भिंत रंगवायला सांगा. ओली भिंत गडद होते, थोड्या वेळाने वाळून पहिल्यासारखी होते, मग परत रंगवता येते. धाकट्याला एवढं पुष्कळ झालं. मोठीला विचारा, उन्हातला पट्टा आधी वाळतो की सावलीतला? ती स्वतःहून दोन पट्टे काढून बसेल. तिथेच खडूने तिच्या पावलांभोवती रेघ मारा आणि सावलीचं टोक आखा. दुपारी त्याच पावलांत उभं करा, सावली आखूड झालेली असेल. संध्याकाळी ती उलट्या बाजूला लांबच लांब. सकाळी आखलेल्या सावलीत आता आपण मावत नाही हे कळल्यावर बहुतेक मुलं सूर्याकडे जरा संशयानेच बघतात. किंवा खेळायच्या मातीचा गोळा पाण्यात टाका, तो बुडतो. त्याच मातीची वाटी करून अलगद सोडा, ती तरंगते. का, ते सांगायची घाई करू नका. वाटीत मणी किंवा नाणी ठेवत किती प्रवासी बसतात ते मोजू द्या. मात्र या खेळात धाकटा तुमच्या मांडीवर हवा, कारण नाणी तोंडात जायला क्षण लागत नाही. आणि पाण्याचा खेळ संपला की भांडं लगेच उलटं करायचं. एवढ्या लहान मुलाला वीतभर पाण्याचाही धोका असतो, पाठ फिरवायची नाही.

बाहेर जाणं बंद केलंत ही या पत्रातली मला सर्वांत न पटलेली गोष्ट. तुम्ही तिकिटं बंद केलीत ते ठीक, त्यासोबत दारही बंद झालं. मुलांना अंग दमेपर्यंत हलायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी शिफारशी केल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून 180 मिनिटं तरी हालचाल करावी, असं त्यात म्हटलंय. जिने चढणं, उड्या मारणं, मागे धावणं, सगळं त्यात मोजायचं. घरात कोंडलेल्या मुलाची ही मिनिटं सोफ्यावर नि बहिणीच्या पाठीवर वसूल होतात.

म्हणून सुटीच्या दिवशी पहिलं काम बाहेर पडणं. मुक्काम ठरवू नका, वेळ ठरवा. तुम्हाला दहा मिनिटं लागणाऱ्या रस्त्याला अडीच वर्षांच्या मुलाबरोबर तास लागतो, आणि तो तास हाच कार्यक्रम. मुंग्यांची रांग दिसली तर बसा. मुंग्या वासाचा माग सोडत जातात. रांगेच्या वाटेवर बोट आडवं घासलंत तर पुढची मुंगी तिथे येऊन गोंधळते, मिशा हलवते, मागे फिरते, आणि थोड्या वेळाने वाट परत जुळते. बोट एकदाच घासायचं, मुंग्यांनाही सुटी असते. कुठे खोदकाम चालू असेल तर लांबून अर्धा तास बघत उभे राहा. माती उचलणाऱ्या यंत्रापुढे कुठलाही कार्टून टिकत नाही. शक्य असेल तर दर वेळी त्याच वाटेने जा. आपल्याला तोचतोचपणा वाटतो, त्यांना ओळखीचं कुत्रं, ओळखीचं झाड, ओळखीची फुटकी पायरी भेटते. 'आज कुत्रं नाही' ही केवढी मोठी बातमी असते! एखाद्या संध्याकाळी अंधार पडल्यावर तीच वाट टॉर्च घेऊन चालून बघा. चंद्र असेल तर घरी येऊन त्याचा आकार कागदावर काढायचा. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणजे एक कागद भिंतीवर महिनाभर पुरतो. चांदण्यांच्या तक्त्याची जागा रिकामी होणारच आहे.

त्या तक्त्याबद्दल. तो तुमच्या हातून चुकला असं समजू नका, तो जगभर चुकतो. 1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी, ज्यांना चित्रं काढायला आवडतं अशा बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, काढलंत तर सोनेरी चांदणी नि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगाचे पेन नुसते मांडून ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी काढणाऱ्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढली. आवडीचं काम पगारी झालं की माणूस काय करतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दात घासणं, चपला जागेवर ठेवणं यांना लावा हवी तर चांदणी. खेळाला नको.

खेळण्यांतली निम्मी उचलून माळ्यावर टाका. खरंच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांचं निरीक्षण केलं. खोलीत सोळाऐवजी चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ नि जास्त तऱ्हांनी खेळली. महिन्याने माळ्यावरची खाली आणा आणि खालची वर टाका, नवं दुकान उघडल्यासारखं होतं. मैत्रिणीशी पिशवीभर खेळण्यांची महिन्यापुरती अदलाबदलही करता येते. पिशवी उघडताना बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांचं काही असेल तर ते आधी बाजूला काढा. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते, त्यात दिरंगाई चालत नाही.

घरकामाला मी खेळच म्हणते. कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं, फडक्याने जमीन पुसणं, कुंडीला पाणी घालणं. अडीच वर्षांच्या मुलाला खोटं स्वयंपाकघर नको असतं, तुमचं खरं काम हवं असतं. तो 'मदत' करेल तेव्हा कामाला तिप्पट वेळ लागेल. पण त्या वेळात तुम्हाला त्याला वेगळं रमवावं लागत नाही आणि शेवटी मोजे तरी जुळलेले असतात (बहुतेक).

वाचनालयात लहान मुलांचा कोपरा असेल तर जा. संग्रहालयात काही ठिकाणी ठरावीक दिवशी प्रवेश फुकट असतो किंवा लहानग्यांना तिकीट नसतं, चौकशी करा आणि गेलात तर एकच दालन बघून परत या. बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत येणं हीही सहल आहे, खिडकी मिळाली पाहिजे फक्त.

तुमचा वाटा किती? दिवसभर मुलांसोबत जमिनीवर लोळायची गरज नाही. ते कोणालाच जमत नाही आणि जमल्याचं जे सांगतात त्यांच्याकडे मुलं सांभाळायला दुसरं कोणीतरी असतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पूर्ण द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मग तिथेच बसून आपलं काम काढा, निवडणं, टिपणं, काहीही. तुम्ही दिसत राहिलात की मुलं लांबपर्यंत एकटी खेळतात. मध्येच 'कंटाळा आलाय' येईल. लगेच उत्तर देऊ नका. 'हो का, मलाही येतो कधी कधी' म्हणून गप्प बसा. ती कुरकुर साधारण एक घर पुसून होईपर्यंत चालते आणि मग पांघरुणाची गुहा तयार झालेली दिसते. त्या कुरकुरीच्या मध्यावर फोन दिला की गुहा होत नाही, एवढाच फोनचा खरा तोटा. बाकी स्वतःला दोष देत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढचा वेळ जास्तीत जास्त एक तास म्हटलाय, कमी असेल तर उत्तमच. तर अर्धा-पाऊण तास ठरवून द्या, तुम्हाला अंघोळ करायची असते किंवा नुसतं भिंतीकडे बघायचं असतं तेव्हा. भांडण मिटवायला मात्र नको, नाहीतर भांडलं की फोन मिळतो हा धडा दोघंही एका दुपारीत शिकतात.

फोटोंविषयी एवढंच की, माझ्या मुलीचा त्या दिवशीचा घसरगुंडीवरचा एक फोटो आहे. गोड हसतेय. मी तो सगळ्यांना पाठवला होता.

आणि तुमचे यजमान. त्यांचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, तेव्हा धाकट्याला यातलं काही आठवायचं नाही. पण मग ज्या तिकिटांसाठी तुम्ही हळहळताय तीही तो विसरलाच असता, हे त्यांच्या बोलण्यातच आलं, त्याबद्दल त्यांचे आभार माना. मोठी साडेपाचची आहे. तिला काही काही आठवेल, आणि त्यात बाबा खोक्याच्या दारावर टकटक करत होते हे असायला हरकत नाही. खोका आणायचं काम त्यांनाच द्या. आणताना दोन आणायला सांगा, एकावरून मारामारी होईल.